०.२४ चे ०.१९ कसे झाले: चाचणीच्या नोंदींतल्या फेरफाराचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोळ्यांच्या स्वरूपातल्या एका औषधाचं आणि त्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेचं आहे. औषध, कंपनी आणि माणसं यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. चौकशी समितीत बाहेरचा सदस्य म्हणून मला बसवलं होतं, त्यामुळे कागद आणि संगणकातल्या नोंदी दोन्ही बघायला मिळाल्या.

औषध किती महिने टिकतं हे आधी ठरवावं लागतं आणि नंतरही तपासत राहावं लागतं. त्यासाठी प्रत्येक वर्षी किमान एक बॅच २५ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या चेंबरमध्ये ठेवतात. ०, ३, ६, ९, १२, १८ आणि २४ महिन्यांनी त्यातल्या गोळ्या बाहेर काढून तपासतात. यालाच प्रयोगशाळेत ‘स्टॅबिलिटी’ म्हणतात. या औषधाची मुदत २४ महिने होती. ओलाव्यामुळे त्याच्या रेणूचा थोडा भाग मोडतो आणि एक अशुद्धी तयार होते. तिची मर्यादा ०.२० टक्के. बाजारात येतानाच्या बॅचेसमध्ये २४ महिन्यांनंतरही ती ०.१६ च्या वर गेली नव्हती, त्यामुळे कुणाला काळजी नव्हती.

ही अशुद्धी मोजतात क्रोमॅटोग्राफीने. द्रावण यंत्रात सोडलं की घटक एकापाठोपाठ एक बाहेर पडतात आणि पडद्यावर प्रत्येकाचं एक टोक उमटतं, ज्याला सगळे ‘पीक’ म्हणतात. पीकखालचं क्षेत्रफळ म्हणजे त्या घटकाचं प्रमाण. हे क्षेत्रफळ कुठून कुठपर्यंत धरायचं, म्हणजे पीकच्या पायथ्याशी बेसलाइन कुठे ओढायची, ते सॉफ्टवेअर ठरलेल्या नियमांनी आपोआप करतं. कधीकधी मात्र दोन पीक एकमेकांत घुसतात किंवा बेसलाइन वर-खाली होते, आणि सॉफ्टवेअर उघडउघड चुकतं. तेव्हा विश्लेषक हाताने रेघ ओढतो. याला मॅन्युअल इंटिग्रेशन म्हणतात, आणि योग्य कारण लिहून केलं तर त्यात गैर काहीच नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ या परवानगीच्या आडोशाने झाला.

प्रश्न कसा समोर आला

एका बॅचचे आकडे असे होते: सुरुवातीला ०.०३, ३ महिन्यांना ०.०६, ६ महिन्यांना ०.१०, ९ महिन्यांना ०.१३, १२ महिन्यांना ०.१७, १८ महिन्यांना ०.१९. आणि २४ महिन्यांना ०.३१.

०.३१ म्हणजे मर्यादेबाहेर, प्रयोगशाळेच्या भाषेत ‘ओओएस’. हा निकाल काढला होता एका तुलनेने नव्या विश्लेषकाने. नियमाप्रमाणे चौकशी सुरू झाली, पण तिचा रोख पहिल्या दिवसापासून एकाच दिशेला होता. सहा महिन्यांत ०.१९ वरून ०.३१ वर उडी कशी जाईल? नक्कीच याने द्रावण करताना घोटाळा केला असणार. वजनाची नोंद, पिपेट, फ्लास्क, यंत्राची देखभाल, सगळं तपासून झालं. काही सापडलं नाही. तरी चौकशीच्या पहिल्या मसुद्यात ‘मानवी चुकीची शक्यता’ असं लिहून पुन्हा चाचणीची शिफारस झालीच.

खोट्या आकड्याचा हा परिणाम क्वचितच कुणाच्या लक्षात येतो. तो एकटा राहत नाही. पुढे येणाऱ्या प्रत्येक खऱ्या आकड्याला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं, आणि जो जुळत नाही त्याच्याकडेच संशयाने बघितलं जातं. इथे खरा आकडा आणणारा माणूस जवळपास आठवडाभर आपण चूक केली नाही हे सिद्ध करत बसला होता.

गाठ सुटली ती गुणवत्ता-हमी विभागातल्या एका मॅडममुळे. त्यांनी सातही आकडे आलेखावर मांडले. १८ महिन्यांचा ठिपका बोटाने झाकला तर उरलेले सहा जवळजवळ सरळ रेषेत येत होते, दर महिन्याला साधारण ०.०१२ ची वाढ. त्या रेषेवर १८ महिन्यांना ०.२४ यायला हवं होतं. म्हणजे रेषेतून निसटलेला आकडा शेवटचा नव्हता, त्याच्या आधीचा होता.

१८ महिन्यांच्या क्रोमॅटोग्राममध्ये काय दिसलं

छापील पानावर सगळं व्यवस्थित होतं. पान भरून मुख्य पीक, डावीकडे सपाट रेषेवर मुंगीएवढी अशुद्धी, खाली टक्केवारीचा तक्ता, दोन सह्या. पण छापील प्रतीत एवढ्या लहान पीकचा पायथा दिसतच नाही. संगणकावर तोच भाग मोठा करून बघितला तेव्हा बेसलाइन पीकच्या पायथ्याशी नव्हती. ती दोन्ही उतारांवर बऱ्याच वर चढून, पीकच्या पोटातून आडवी गेली होती. उंची मोजताना जमीनच वर उचलून घ्यावी, तसा प्रकार. खालचा कापला गेलेला भाग क्षेत्रफळात धरलाच गेला नव्हता.

मग ऑडिट ट्रेल उघडला. सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची वेळ, बदल करणाऱ्याचं नाव आणि आधीचं मूल्य आपोआप साठवून ठेवतं, ती ही नोंद. त्यात क्रम असा दिसला: आपोआप झालेल्या इंटिग्रेशनमध्ये ०.२४. त्यानंतर काही मिनिटांनी हाताने रेघ ओढून ०.२२. पुन्हा ओढून ०.२०. पुन्हा ओढून ०.१९. मग थांबणं, छपाई, सही. तिन्ही वेळा कारणाच्या रकान्यात एकच मजकूर, ‘बेसलाइन दुरुस्ती’.

आणखी दोन गोष्टी मिळाल्या. त्याच दिवशीच्या प्रमाण द्रावणाच्या (ज्याच्याशी तुलना करून टक्केवारी काढतात) आणि इतर अशुद्धींच्या पीकना हात लावलेला नव्हता. बेसलाइन खरंच वाकडी असती तर ती सगळीकडेच वाकडी दिसली असती. रिकाम्या, म्हणजे औषध न घातलेल्या द्रावणाच्या क्रोमॅटोग्राममध्येही त्या जागी काही अडथळा नव्हता. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. आदल्या संध्याकाळी, वेगळ्याच फोल्डरमध्ये ‘ट्रायल’ नावाने एक इंजेक्शन मारलेलं, म्हणजे यंत्रात एकदा द्रावण सोडलेलं होतं. सॅम्पल हेच. निकाल ०.२४. त्याची नोंद ना वहीत होती, ना यंत्राच्या लॉगबुकात.

चूक, बनावट की फेरफार

समितीत सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर गेला, आणि तो जायलाच हवा होता.

चूक कशी असते हे सगळ्यांना माहीत आहे. वजन १०.२ असताना १२.० लिहिलं जातं, फ्लास्क चुकीचा उचलला जातो. चूक आंधळी असते. ती निकाल वाढवेल की घटवेल, हे तिला ठाऊक नसतं. बनावट म्हणजे चाचणी न करताच आकडे लिहिणं. इथे तेही नव्हतं. सॅम्पल खरं, यंत्र खरं, इंजेक्शन खरं, मूळ डेटाही जसाच्या तसा जपलेला. बदलली होती फक्त त्या डेटातून आकडा काढण्याची रीत, आणि वगळलं होतं एक इंजेक्शन. संशोधनातल्या गैरवर्तनाची जी व्याख्या अमेरिकेच्या संघीय सरकारने २००० मध्ये ठरवली, तिच्यातही बनावट आणि फेरफार हे दोन वेगळे प्रकार धरले आहेत. फेरफारात साहित्य, उपकरण किंवा प्रक्रिया यांच्याशी खेळ करणं येतं, तसंच डेटा बदलणं किंवा गाळणंही येतं. प्रामाणिक चूक आणि मतभेद यांना त्याच व्याख्येने स्पष्टपणे बाहेर ठेवलं आहे.

म्हणजे सगळं हेतूवर येऊन थांबतं. प्रयोगशाळाप्रमुखांचा आक्षेप असा की हेतू माणसाच्या मनात असतो, तो तुम्ही कसा सिद्ध करणार? बेसलाइन कुठे ओढायची यावर दोन अनुभवी विश्लेषकांचं मत वेगळं पडू शकतं. आक्षेप फालतू नव्हता. फक्त शेवटचा क्रोमॅटोग्राम समोर असता तर मी स्वतः ‘चुकीचं इंटिग्रेशन’ यापलीकडे काही लिहिलं नसतं.

पण समोर क्रम होता. आदल्या दिवशीच निकाल माहीत होता. बदल एकाच पीकमध्ये, एकाच दिशेने, आणि आकडा मर्यादेच्या आत येताच बदल थांबले. ०.२० म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर, तिथेही हात थांबला नाही. काठापासून एक पाऊल आत आल्यावर थांबला. विश्लेषकाला बेसलाइनबद्दल प्रामाणिक शंका असती तर रेघ एकदा ओढली गेली असती आणि जो आकडा येईल तो स्वीकारला गेला असता. हेतूसाठी मनात डोकवायची गरज पडली नाही. समितीने ‘जाणीवपूर्वक फेरफार’ असाच निष्कर्ष नोंदवला.

सही करणाऱ्या पुनरावलोकन-अधिकाऱ्याबाबत मात्र एकमत झालं नाही. ‘मूळ इलेक्ट्रॉनिक डेटा तपासला’ या वाक्याखाली त्यांची सही होती. लॉगइनच्या नोंदीनुसार त्यांनी ती फाइल उघडलीच नव्हती, फक्त छापील पानं बघितली होती. बहुमताने याला निष्काळजीपणा म्हटलं, कारण निकाल बदलण्यात त्यांचा हात नव्हता. मला हे सौम्य वाटलं आणि अजूनही वाटतं. न केलेल्या तपासणीखाली केल्याची सही करणं ही खोटी नोंदच आहे, आणि ती अजाणतेपणी होऊ शकत नाही. निकाल वाकवण्याचा हेतू नव्हता हे खरं. पण त्या सहीवर विसंबणाऱ्या माणसाची फसगत व्हायची ती झालीच.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय प्रयोगशाळाप्रमुखांनी सुचवला: २४ महिन्यांच्या सॅम्पलची पुन्हा चाचणी करू, मर्यादेत आलं तर सरासरी काढू. हा फार काळ टिकला नाही. १९९३ मध्ये बार लॅबोरेटरीज या औषध-कंपनीच्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने याच सवयीवर बोट ठेवलं होतं: कारण न शोधता निकाल मनासारखा येईपर्यंत चाचण्या करत राहायचं, नापास आकडा सरासरीत बुडवायचा. औषधांच्या चाचणीतली ओओएसची आजची शिस्त बरीचशी तिथून आली आहे.

दुसरा पर्याय, १८ महिन्यांची चाचणी करणाऱ्या विश्लेषकाला लगेच बोलावून विचारायचं. माणुसकीच्या दृष्टीने हे बरोबर वाटतं, आणि समितीतल्या दोघांचा कल तिकडेच होता. अडचण एवढीच की सॉफ्टवेअरचे सर्वाधिकार, म्हणजे फाइल काढून टाकण्याची आणि घड्याळ बदलण्याची मुभा, खुद्द प्रयोगशाळाप्रमुखांकडे होती. प्रश्न आधी विचारला असता तर पुरावा ज्यांच्या हाती होता त्यांनाच पूर्वसूचना मिळाली असती. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ यान हेंड्रिक श्योन यांच्या प्रकरणात २००२ च्या चौकशीला वेगवेगळ्या उपकरणांच्या आलेखांत एकसारखा गोंगाट, म्हणजे मोजमापातली एरवी दर वेळी वेगळी असणारी बारीक वर-खाली, सापडला, पण मूळ डेटाच्या फाइल पुसल्या गेल्या होत्या. संगणकात जागा कमी होती, असं कारण दिलं गेलं. इथे सुदैवाने जागा भरपूर होती.

तिसरा पर्याय सगळ्यात सोयीचा होता: १८ महिन्यांचा आकडा दुरुस्त करायचा, विश्लेषकावर कारवाई करायची, प्रकरण मिटवायचं. एक बॅच, एक माणूस.

चौथा, जाळं मोठं टाकायचं. आधी या विश्लेषकाचं सगळं काम, मग मॅन्युअल इंटिग्रेशन झालेले सगळ्यांचे सगळे निकाल. खर्चिक, वेळखाऊ, आणि काय वर येईल याची खात्री नाही.

याखेरीज एक प्रश्न सगळ्या पर्यायांना चिकटलेला होता. नियामकाला आत्ता कळवायचं की चौकशी संपल्यावर? व्यवस्थापनाला पूर्ण चित्र हातात आल्यावर कळवायचं होतं. पण २४ महिन्यांचा निकाल मर्यादेबाहेर आहे एवढं तर पक्कं झालं होतं, आणि त्या औषधाच्या बॅचेस बाजारात होत्या. कळवण्यासाठी तेवढं पुरेसं होतं. कारण नंतर सांगता येतं.

काय केलं

आधी सर्व्हरची पूर्ण प्रत घेऊन ती प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेर ठेवली आणि सर्वाधिकार माहिती-तंत्रज्ञान विभागाकडे वळवले. त्या औषधाच्या गोदामातल्या बॅचेस रोखल्या. नियामकाला ठरलेल्या मुदतीत प्राथमिक कळवणी गेली. त्यानंतर विश्लेषकाशी बोलणं झालं.

तो आधी म्हणाला, “सर, बेसलाइन वाकडी होती.” त्याच्यासमोर रिकाम्या द्रावणाचा क्रोमॅटोग्राम ठेवला. बराच वेळ तो काही बोलला नाही. नंतर सांगितलं ते असं: काही महिन्यांपूर्वी एका सहकाऱ्याचा निकाल ओओएस आला होता. तीन आठवडे त्याची उलटतपासणी चालली, शेवटी कारण सापडलं नाही म्हणून ‘विश्लेषकाची चूक’ लिहून फाइल बंद झाली आणि त्याची बढती थांबली. त्यातच महिन्याच्या बैठकीत साहेब म्हणाले होते, “या तिमाहीत एकही ओओएस नको.” फेरफार कर असं कुणीच म्हटलं नव्हतं. प्रयोगशाळाप्रमुखांनी ते वाक्य नाकारलं नाही. काम काळजीपूर्वक करा, एवढाच त्याचा अर्थ होता, असं त्यांचं म्हणणं.

असेल. पण ओओएस हा गोळीचा गुण आहे, विश्लेषकाच्या काळजीने तो कमी होत नाही. गोळी खराब होत असेल तर ‘एकही नको’ ही मागणी पुरी करण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तो त्या मुलाने निवडला. याने त्याची जबाबदारी कमी होत नाही. त्याने आकडा बदलला तेव्हा त्या गोळ्या कुणीतरी घेणार आहे हे त्याला माहीत होतं.

समितीने शेवटी चौथा पर्याय धरला, पण टप्प्याटप्प्याने: आधी या विश्लेषकाची दोन वर्षांची कामं, आणि त्यात दुसरं एक जरी प्रकरण सापडलं तर सगळी प्रयोगशाळा.

निष्पत्ती

दुसरं सापडलं. दुसऱ्याच एका औषधात, तीच रीत. मग सगळी प्रयोगशाळा तपासावी लागली. आणखी एका विश्लेषकाच्या नावावर ‘ट्रायल’ आणि ‘टेस्ट’ अशा नावांची नोंद नसलेली इंजेक्शनं निघाली. त्याने आकडे बदलले नव्हते. तो आधी निकाल बघायचा आणि नापास दिसला तर सॅम्पल नव्याने तयार करायचा. पुढे कागदावर येणारं सगळं खरंच असायचं, फक्त नको तो निकाल गाळलेला.

मूळ औषधाच्या बाबतीत खरं कारण कळलं तेव्हा प्रकरणाचं वजन बदललं. ही बॅच ब्लिस्टरची, म्हणजे गोळ्यांच्या पट्टीच्या पाकिटाची, फिल्म बदलल्यानंतरची पहिली होती. नवी फिल्म ओलावा जास्त आत सोडत होती, म्हणून अशुद्धी जुन्या बॅचेसच्या जवळपास दुप्पट वेगाने वाढत होती. रेषेप्रमाणे ती १५ व्या महिन्याच्या आसपासच मर्यादा ओलांडत होती, आणि वेष्टनावर मुदत होती २४ महिने. १८ महिन्यांना ०.२४ नोंदवलं गेलं असतं तर फिल्मचा प्रश्न सहा महिने आधी कळला असता. त्या सहा महिन्यांत नव्या फिल्ममधल्या आणखी बॅचेस बाहेर पडल्या. त्या सगळ्या परत मागवाव्या लागल्या. जुनी फिल्म पुन्हा सुरू झाली.

विश्लेषकाला कामावरून काढलं. प्रयोगशाळाप्रमुखांची बदली झाली. पुनरावलोकन-अधिकाऱ्यांना लेखी ताकीद मिळाली. ज्याने ०.३१ काढलं होतं, त्याच्या फाइलमधला ‘मानवी चुकीची शक्यता’ हा शेरा खोडून कारण लिहिलं गेलं, पण ते त्याने स्वतः अर्ज केल्यावर. समितीच्या कामाच्या यादीत ही गोष्ट नव्हतीच.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली संधी १८ महिन्यांना नव्हतीच, १२ महिन्यांना होती. जुन्या बॅचेसमध्ये १२ महिन्यांना जेवढं असायचं त्याच्या जवळपास दुप्पट, ०.१७, या बॅचमध्ये होतं. मर्यादेच्या आत म्हणून ते पास झालं आणि पुढे सरकलं. ट्रेंड वर्षातून एकदाच बघितला जायचा. तेव्हाच कुणी दोन रेषा शेजारी ठेवल्या असत्या, तर १८ महिन्यांचा निकाल वाईट येणार हे आधीच माहीत झालं असतं. ज्याची सगळे वाट बघताहेत असा वाईट आकडा लपवायचं कारणच विश्लेषकाला उरलं नसतं. माझ्या मते या प्रकरणातली ही सगळ्यात महागडी चूक, आणि तिच्यात कुणीही खोटं वागलं नव्हतं.

ओओएसच्या चौकशीतला नापास निकालाविरुद्धचा कल हा दुसरा मुद्दा. नापास आकड्याची जेवढी कसून तपासणी झाली तेवढी शेजारच्या पास आकड्याची झाली असती, तर आठवडा वाचला असता. आता तिथे चौकशी सुरू होताच आधीच्या दोन वेळांचे क्रोमॅटोग्राम मूळ फाइलमधून उघडतात. सर्व्हरची प्रतही ऑडिट ट्रेल उघडला त्याच दिवशी घ्यायला हवी होती; ती दुसऱ्या दिवशी घेतली गेली. मधल्या रात्री काही पुसलं गेलं नाही, पण त्याचं श्रेय समितीला देता येत नाही.

उपायांतला एक तर चक्क उलटला. चौकशीनंतरच्या घाईत मॅन्युअल इंटिग्रेशनवर सरसकट बंदी घातली गेली. परिणाम असा झाला की बेसलाइन खरोखर वाकडी असलेल्या चाचण्या अडकू लागल्या, आणि विश्लेषक ‘यंत्र योग्यता-चाचणीत नापास’ असं कारण देऊन संपूर्ण रन, म्हणजे सलग मारलेल्या इंजेक्शनांची अख्खी मालिका, रद्द करून नव्याने मारू लागले. रद्द केलेल्या रनमध्ये काय निकाल आला होता ते कुणी बघत नव्हतं. फेरफाराला एक नवीच जागा तयार झाली होती.

बंदी उठवली आणि क्रम बदलला. हाताने रेघ ओढायची असेल तर आपोआप आणि हाताने केलेली दोन्ही रूपं मोठी करून शेजारी-शेजारी छापायची, आणि दुसऱ्या माणसाने ती आधी मंजूर करायची. टक्केवारी त्यानंतरच काढायची. सॉफ्टवेअरमध्ये टक्केवारीचा रकाना झाकायची सोय नव्हती, म्हणून सॅम्पलचं वजन आणि द्रावणाचं पातळीकरण हे आकडे शेवटी भरायचे ठरलं. ते नसताना टक्केवारी निघतच नाही. रद्द केलेले रनही आता दर महिन्याला उघडून बघतात. मुरलेला विश्लेषक नुसत्या क्षेत्रफळावरूनही निकालाचा अंदाज बांधू शकतो, म्हणून या व्यवस्थेत फट आहेच. ती बुजवण्यासाठी सॅम्पलवर बॅचऐवजी फक्त सांकेतिक क्रमांक लावण्याचा प्रयोग आम्ही निघालो तेव्हा सुरू झाला होता.